गुडघा बदलल्यावरची वेदना आणि ‘अँटिऑक्सिडंट’चा डबा



गुडघ्याची वाटी बदलून माणूस घरी आला की पहिल्या आठवड्यात नातेवाईक भेटायला येतात. दुसऱ्या आठवड्यात उसने पैसे दिलेले लोक दारावरून चक्कर मारून जातात. आणि तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी ओळखीचेच माणूस एक डबा घेऊन येते. डब्यावर डाळिंबाचे, हळदीचे किंवा हिरव्या पानाचे चित्र असते आणि मोठ्या अक्षरात ‘अँटिऑक्सिडंट’ असे छापलेले असते. ‘हे तीन महिने घ्या, गुडघा पुन्हा आयुष्यात दुखणार नाही,’ असे सांगितले जाते. घरच्यांना वाटते, एवढा खर्च झाला, आता दीड-दोन हजारांसाठी कशाला मागे पाहायचे?

जालना शहरातल्या वस्त्यांत, अंबड-घनसावंगीकडच्या गावांत आणि भोकरदन-जाफ्राबादच्या वाड्यांवर आम्ही आरोग्याच्या कामासाठी फिरतो, तेव्हा हा प्रश्न वारंवार समोर येतो. ‘ताई, हा डबा घेऊ का?’ आमचे मत आम्ही आधीच सांगून टाकतो. गुडघेबदलानंतर मागे राहणारी वेदना अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या-पावडरींनी टळते, असे आजपर्यंत सिद्ध झालेले नाही. ते पैसे डब्यात घालू नका. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की ती वेदना खोटी नसते, नशिबाची नसते आणि मुकाट सहन करण्याचीही नसते. तिच्यावर करता येण्यासारखे बरेच आहे, आणि ते डब्यापेक्षा स्वस्त आहे. कसे, ते सविस्तर पाहू.

आपले गुडघे का जातात

गुडघेदुखी हा श्रीमंतांचा आजार आहे असे काही लोक अजूनही समजतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. उकिडवे बसून खुरपणी, कापसाची वेचणी, डोक्यावर मोळी, मोटारीत ऊस भरणे, बांधकामावर विटांच्या पाट्या, सळईच्या कारखान्यात लोखंड उचलणे, घरोघरी फरशी पुसणे, ही सगळी कामे गुडघ्यावर भार टाकणारी आहेत. वर्षानुवर्षे गुडघा पूर्ण दुमडून बसणे आणि जड ओझे उचलणे यांमुळे सांध्याची झीज वाढते, हे वैद्यकशास्त्राने मान्य केलेले आहे. बायकांत पन्नाशीनंतर ही झीज पुरुषांपेक्षा जास्त दिसते. म्हणजे ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची शेते आणि घरे सांभाळली, त्यांचेच गुडघे आधी जातात.

या शस्त्रक्रियेचे नाव महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचले ते तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळे. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचा डावा गुडघा बदलला आणि जून २००१ मध्ये उजवा. तेव्हा ही गोष्ट आपल्या ऐपतीबाहेरची होती. पुढे १६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा, जो तोवर रुग्णाला सरासरी दीड लाखाच्या पुढे पडत होता, त्याची कमाल किंमत कर सोडून ५४,७२० रुपये ठरली. सांधेबदलाच्या शस्त्रक्रिया सरकारी विमा योजनेतही आल्या. त्यामुळे आज वस्तीतली आजीसुद्धा गुडघा बदलून येते, याचा आम्हाला आनंदच आहे.

फरक एवढाच की पंतप्रधानांच्या हाताशी डॉक्टरांचे पथक असते. आपल्या आजीच्या हाताशी सून असते, शाळेतून आलेला नातू असतो आणि डबा विकणारा शेजारी असतो. शस्त्रक्रिया आपल्यापर्यंत पोहोचली, पण शस्त्रक्रियेनंतरची काळजी अजून पोहोचलेली नाही. डब्याचा धंदा उभा राहतो तो याच रिकाम्या जागेत.

वेदना मागे का राहते

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. गुडघेबदल ही चांगली शस्त्रक्रिया आहे. बहुतेकांचे दुखणे तिने कमी होते आणि चालणे सुधारते. पण जगभरातले अभ्यास एकत्र पाहिले तर शंभरातल्या साधारण वीस जणांना नंतरही त्रासदायक वेदना राहते. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने उलटूनही दुखत राहिले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याला स्वतंत्र नाव आहे: शस्त्रक्रियेनंतरची दीर्घकालीन वेदना. म्हणजे हा मान्यता असलेला आजार आहे. ‘हिला नाटकं करायची सवयच आहे’ असे म्हणून तो उडवून लावता येत नाही.

ही वेदना कुणाला राहण्याची शक्यता जास्त? ज्यांना शस्त्रक्रियेआधीच फार वर्षे, फार तीव्र दुखत होते. ज्यांची कंबर, मान, खांदेही दुखतात. जे फार चिंतेत किंवा उदास आहेत. आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत ज्यांच्या वेदनेवर नीट उपचार झाले नाहीत. शरीराच्या नसांनाही एक प्रकारची सवय लागते. फार काळ फार दुखत राहिले की मेंदू आणि मज्जातंतू त्या वेदनेसाठी जास्त संवेदनशील होतात आणि जखम भरल्यानंतरही धोक्याची घंटा वाजवत राहतात.

आता ही यादी आपल्या वस्तीला लावून पाहा. आपल्याकडे बाई दवाखान्यात जाते ती चालणे बंद झाल्यावर. तोवर आठ-दहा वर्षे मेडिकलवरून आणलेल्या गोळ्यांवर ढकलते. घरात कर्ज असते, मुलाला काम नसते, त्याची चिंता असते. आणि दवाखान्यात ‘दुखतंय’ म्हणायला ती लाजते. म्हणजे वेदना मागे राहण्याची बरीचशी कारणे तिच्याकडे आधीपासूनच जमलेली असतात, आणि त्यांतले एकही कारण डब्यातल्या पावडरीने जाणारे नाही.

अँटिऑक्सिडंटची गोष्ट आली कुठून

डबा विकणारा सांगतो त्यातले सगळेच खोटे नसते. म्हणून तर लोक फसतात. त्यातले खरे काय, तेही समजून घेऊ.

लोखंडाला हवा-पाणी लागले की गंज चढतो. कापलेले वांगे उघडे ठेवले की काळे पडते. शरीरातही ऑक्सिजनमुळे काही तिखट स्वभावाचे कण तयार होतात. थोडे असतील तर शरीर त्यांना आवरते, पण फार झाले तर ते पेशींना इजा करतात. त्यांना आवरणाऱ्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, फळाभाज्यांतले रंग हे त्यातलेच.

गुडघा बदलताना अनेक ठिकाणी मांडीला पट्टा आवळून पायाचा रक्तप्रवाह काही वेळ थांबवतात, म्हणजे डॉक्टरांना नीट दिसते. पट्टा सोडला की रक्त एकदम परत येते आणि त्या वेळी असे कण मोठ्या प्रमाणात तयार होतात. कापलेल्या हाडामांसाचीही सूज असते. म्हणून संशोधकांनी विचार केला की त्या काळात अँटिऑक्सिडंट दिले तर सूज आणि पुढची वेदना कमी होईल का? विचार रास्त आहे. पण रास्त विचार आणि सिद्ध झालेला उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मनगटाच्या हाडाचे उदाहरण घ्या. मनगट मोडल्यावर काही लोकांचा हात महिनोन्महिने सुजतो, लाल होतो, जळजळतो. हे एक विचित्र आणि हट्टी दुखणे आहे. ते टाळण्यासाठी नेदरलँड्समध्ये क जीवनसत्त्व देऊन पाहिले आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. १२३ प्रौढांपैकी काहींना रोज ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व ५० दिवस दिले, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली. औषध नसलेल्या गटात शंभरी २२ जणांना ते दुखणे झाले, तर क जीवनसत्त्वाच्या गटात शंभरी ७ जणांना. त्याच संशोधकांच्या २००७ च्या मोठ्या अभ्यासातही फायदा दिसला. जगभर आनंद झाला. मग स्कॉटलंडमधल्या एडिंबरा येथे ३३६ रुग्णांवर तीच मात्रा, तेच ५० दिवस, अशी पुन्हा तपासणी झाली. २०१४ मध्ये निष्कर्ष आला की काहीही फरक पडला नाही.

यातून घरच्या भाषेत तीन गोष्टी समजतात. पहिली, एका अभ्यासातल्या चांगल्या बातमीवर घर चालवू नये. दुसऱ्याने तीच गोष्ट करून पाहिली तरी ती टिकते का, हे बघायचे असते. दुसरी, हे सगळे मनगटाबद्दल होते. मनगटाचा निष्कर्ष उचलून बदललेल्या गुडघ्याला चिकटवता येत नाही, आणि गुडघ्याच्या बाबतीत तसा पक्का पुरावा उभा राहिलेला नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. त्या अभ्यासांत जे तपासले ते काही रुपयांना मिळणारे साधे क जीवनसत्त्व होते. दोन हजारांचा डबा, सोळा वनस्पतींचे मिश्रण किंवा ‘परदेशी फॉर्म्युला’ कुणी तपासला नव्हता. विकणारा एका गोष्टीचा पुरावा दाखवतो आणि दुसरीच वस्तू हातात देतो.

डबा उलटा करून बारीक अक्षरे वाचायला घरातल्या शिकलेल्या मुलीला सांगा. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा वस्तूंवर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ या अर्थाचे वाक्य छापणे कायद्याने बंधनकारक आहे. समोरच्या बाजूला तोंडी आश्वासन आणि मागच्या बाजूला छापील नकार, असा हा व्यवहार आहे.

‘नुकसान तर नाही ना?’

पुढचा प्रश्न हमखास येतो. ‘फायदा नसेल, पण नुकसान तरी काय?’ नुकसान होऊ शकते.

गुडघेबदलानंतर पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून काही आठवडे रक्त पातळ ठेवणारे औषध देतात. त्याच काळात ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा घेतल्या तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. हळदीच्या अर्काच्या तीव्र कॅप्सूलमुळे काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. भाजीतली हळद वेगळी आणि घट्ट केलेला अर्क वेगळा. क जीवनसत्त्व रोज फार मोठ्या प्रमाणात घेतले तर जुलाब होतात आणि मूत्रखड्याची शक्यता वाढते. ज्यांचे मूत्रपिंड आधीच कमजोर आहे त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. आणि ‘जादू’सारखा गुण देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून फारच सावध राहा. अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेले सापडते. त्याने दोन दिवस बरे वाटते, पण साखर वाढते, जखम भरत नाही आणि जंतुसंसर्गाला दार उघडे होते.

दुसरे नुकसान पैशाचे आहे. बचत गटातून उचललेले दोन हजार डब्यात गेले की फिजिओथेरपीला जायला रिक्षाचे पैसे उरत नाहीत, हे आम्ही पाहतो. तिसरे नुकसान वेळेचे. ‘डबा संपू दे, मग बघू’ म्हणत तीन महिने जातात, आणि गुडघ्यात जंतुसंसर्ग असेल किंवा तो आखडत चालला असेल तर हेच तीन महिने मोलाचे असतात.

अँटिऑक्सिडंट आपल्या बाजारातच आहे

याचा अर्थ चांगले खाऊ नका असा नाही. उलट, शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर चांगले खाणे अत्यंत गरजेचे आहे. आपला जिल्हा मोसंबीचा. ‘जालना मोसंबी’ला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मोसंबी, लिंबू, पेरू, आवळा, शेवग्याचा पाला, कोथिंबीर यांतून क जीवनसत्त्व मिळते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढ बाईला दिवसाला ६५ मिलिग्रॅम आणि पुरुषाला ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरते. १०० ग्रॅम पेरूत साधारण २०० मिलिग्रॅम आणि तेवढ्याच आवळ्यात त्याहून जास्त असते. म्हणजे एका मध्यम पेरूत दिवसाची गरज भागून वर उरते. साखरेचा आजार असेल तर रस काढू नका, फळ चावून खा.

फळाभाज्यांनी गुडघ्याची वेदना पळून जाईल असे आम्ही सांगत नाही. पण जखम भरायला क जीवनसत्त्व लागतेच, आणि ते भाजी-भाकरीतले लोह अंगी लागायलाही मदत करते. ही दुसरी गोष्ट आपल्यासाठी मोठी आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांत रक्त कमी आढळले. तरुण बायकांची ही स्थिती, तर साठीच्या आजीच्या अंगात रक्त कुठून येणार? रक्त कमी असताना मोठी शस्त्रक्रिया झाली की थकवा राहतो, व्यायाम होत नाही आणि गुडघा आखडतो. म्हणून डब्याच्या पैशांत अंडी आणा, डाळी आणा, शेंगदाणे आणा, मासे-मटण खात असाल तर ते आणा. पाय उचलणारा मांडीचा स्नायू प्रथिनांवर उभा राहतो.

शस्त्रक्रियेआधी काय करायचे

दीर्घ वेदनेविरुद्धचे अर्धे काम शस्त्रक्रियेच्या आधी होते. तारीख मिळाली की हातावर हात ठेवून बसू नका.

तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी करून घ्या आणि ती आटोक्यात आणा. रक्त तपासा. मिश्री, तंबाखू, बिडी बंद करा. आपल्याकडे बायका मिश्रीला तंबाखू धरतच नाहीत, पण मिश्रीतले निकोटिन रक्तवाहिन्या आवळते आणि जखम उशिरा भरते. शस्त्रक्रियेच्या आधीच्या तीन महिन्यांत त्या गुडघ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊ नका, कारण त्याने संसर्गाचा धोका वाढतो. गावातल्या डॉक्टरांनी आधीच दिले असेल तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना तारखेसह सांगा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि काढे एका पिशवीत घालून न्या, डबा घेतला असेल तर तोही दाखवा. मांडीचे व्यायाम आधीपासूनच शिकून घ्या. जमिनीवर न बसता करता येईल अशी खुर्चीची, उंच पलंगाची आणि संडासात कमोड-खुर्चीची सोय करा.

खर्चाचेही आधी बोला. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आणि आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. गुडघेबदल तिथे योजनेतून होतो का, त्यात काय काय येते, नंतरची तपासणी आणि औषधे किती दिवस मिळतात, हे त्याला विचारा. फुले योजनेचा दूरध्वनी १५५३८८ आहे आणि आयुष्मानचा १४५५५.

नंतरचे पहिले सहा आठवडे

पहिल्या दिवसांत दुखणे सहन करण्यात काहीही शौर्य नाही. दहापैकी किती दुखते, हा आकडा नर्सबाईंना सांगायला शिका. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य. ‘थोडं दुखतंय’ असे सांगितले तर औषधही थोडेच मिळेल. आम्ही स्वतः वॉर्डात रात्रपाळ्या केल्या आहेत. आपल्या बायका शेवटपर्यंत बोलत नाहीत आणि मग पहाटे रडतात. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामके ठरलेल्या वेळी घ्या आणि व्यायामाच्या आधी त्यांचा परिणाम सुरू होईल असे वेळापत्रक जमवा. मात्र ती स्वतःच्या मनाने वाढवू नका. मेडिकलवरच्या आणखी गोळ्या त्यांत मिसळू नका, कारण काही वेदनाशामके मूत्रपिंडाला आणि पोटाला बाधतात.

पाऊल वर-खाली हलवणे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती मांडीच्या जोराने दाबणे, टाच गादीवर घासत गुडघा दुमडणे, पाय सरळ ठेवून उचलणे हे व्यायाम दिवसातून अनेकदा थोडे थोडे करा. किती करायचे ते फिजिओथेरपिस्टने सांगितलेले प्रमाण माना. झोपताना गुडघ्याखाली उशी ठेवू नका. आराम वाटतो, पण गुडघा वाकडाच राहतो. बर्फ कापडात गुंडाळून शेका, थेट कातडीवर लावू नका. सुनेने ‘आई, बसा, मी करते’ म्हणणे प्रेमाचे आहे. पण आईला उठवून चालवणे हे त्याहून मोठे प्रेम आहे.

विहारात वंदनेला गेल्यावर खुर्ची मागून घ्या आणि खुर्ची देणाऱ्यांनीही मनात किंतु आणू नये.

पोटरी सुजून दुखली, दम लागला, छातीत दुखले, ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू आला, चांगला चालणारा गुडघा एकाएकी फार दुखू लागला, तर वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

तीन महिन्यांनी विचारणारे कुणी हवे

आता आमच्या मुख्य मागणीकडे येतो. इंग्लंड आणि वेल्समधल्या आठ सरकारी रुग्णालयांत एक साधी गोष्ट करून पाहिली. गुडघा बदलून तीन महिने झाल्यावरही दुखत असलेल्या ३६३ जणांना त्यात घेतले. त्यांतल्या बऱ्याच जणांना तासाभराच्या तपासणीला बोलावले. प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्याने त्यांचे नीट ऐकून घेतले, पाय तपासला, वेदना कोणत्या प्रकारची आहे ते शोधले आणि गरजेप्रमाणे पुढे पाठवले. संसर्ग किंवा सांध्यातला दोष वाटला तर शस्त्रक्रियेच्या डॉक्टरकडे, नसांची वेदना असेल तर त्यासाठीच्या औषधांकडे, स्नायू कमजोर असेल तर व्यायामाकडे, मन खचले असेल तर त्या मदतीकडे. नंतर फोनवरून विचारपूस ठेवली. बाकीच्यांना नेहमीची सेवा मिळाली. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट रुमॅटॉलॉजी’त निष्कर्ष छापून आले. वर्षाअखेर विचारपूस झालेल्या गटाची वेदना कमी होती, आणि त्यासाठी जादा खर्चही आला नव्हता. फरक फार मोठा नव्हता, पण खरा होता.

त्या उपायात कोणतीही महाग वस्तू नव्हती. वेळेवर विचारणारे माणूस होते. आम्ही परिचारिका म्हणून शिकलो तेव्हा विचारपूस हा उपचाराचाच भाग आहे असे शिकलो होतो. आज ती विचारपूस डबा विकणारा करतो, कारण दुसरे कुणी करत नाही. तो दारात येतो, ‘आजी, कसं आहे?’ म्हणतो, दहा मिनिटे बसतो. म्हणून त्याचा डबा खपतो. लोक मूर्ख आहेत म्हणून खपत नाही. या गोष्टीचा राग आम्हाला त्या विक्रेत्यावर कमी आणि व्यवस्थेवर जास्त आहे.

म्हणून आमची मागणी अशी. योजनेतून गुडघा बदललेल्या प्रत्येक रुग्णाची तीन महिन्यांनी तपासणी हा त्या योजनेचाच भाग असावा. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आठवड्यातून ठरलेल्या दिवशी तरी फिजिओथेरपिस्ट मिळावा. मंठ्याच्या किंवा परतूरच्या बाईला पाय दुमडायला शिकण्यासाठी जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत खेपा घालाव्या लागू नयेत. जालन्यात २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तिथे वेदनेसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग असावा, अशी निवेदने आपल्या महिला मंडळांनी द्यावीत. निवेदनाचा मसुदा हवा असेल तर आम्ही लिहून देऊ.

आणि शासन करील तेव्हा करील, वस्तीने काय करायचे? महिला मंडळाने आणि बचत गटाने आपल्या वस्तीत गुडघा बदललेल्यांची एक वही करावी. विहाराच्या सभागृहात आठवड्यातून दोनदा सगळ्यांनी मिळून अर्धा तास व्यायाम करावा. एकटीने केलेला व्यायाम सुटतो, चौघींनी मिळून केलेला टिकतो. आणि ज्याच्या घरी शस्त्रक्रिया झाली आहे त्याने आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेपासून पुढच्या तीन महिन्यांनी येणाऱ्या दिवसाला गोल करावा. त्या दिवशी आजीजवळ बसून विचारा: दहापैकी किती दुखते? रात्री झोप लागते का? जळजळ होते का, मुंग्या येतात का? जिना चढता येतो का? उत्तर चांगले नसेल तर तिची कागदपत्रे पिशवीत घाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात घेऊन जा.